खड्डा कोणाचा, वायर कोणाची? उन्हाळी सुट्टीतले अपघात आणि कायद्याची जबाबदारी

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)



परीक्षा संपल्या, शाळेला सुट्ट्या लागल्या आणि आपल्या वाशिमकडे पारा ४२-४३ वर गेला की पेपरच्या आतल्या पानावर एक ठरलेली बातमी यायला लागते. चारच ओळींची. शेततळ्यात पोहायला गेलेल्या मुलाचा बुडून मृत्यू. कुलरचा शॉक लागून चिमुकलीचा मृत्यू. गावाचं नाव दरवेळी वेगळं असतं. शेवटची ओळ मात्र तीच: परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.

आज मला त्या हळहळीच्या पुढचं बोलायचंय. कारण हळहळ संपली की गावात एकच वाक्य उरतं, 'नशिबात होतं'. आणि तिथेच विषय बंद होतो. तळं तसंच उघडं राहतं. कुलरची वायर तशीच राहते. पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू तिथे जातं.

मी काम करतो सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याकडे एखादा सर्व्हर बंद पडला की पहिला प्रश्न असतो, याचा ओनर कोण? प्रत्येक सिस्टीमपुढे कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. कायद्याचाही पहिला प्रश्न बराचसा तसाच आहे. धोका कोणाच्या ताब्यात होता? मुलं तिथे येतील हे त्या माणसाला कळायला हवं होतं का? आणि कळूनही त्यानं काय केलं? हे तीन प्रश्न डोक्यात ठेवा, आजचा सगळा एपिसोड त्यावरच आहे. एक सांगून ठेवतो, मी वकील नाही. फुकट वकील कुठे मिळतो, तेही शेवटी सांगणार आहे.

पाणी

सुरुवात पाण्यापासून करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातली जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांखालची मुलं होती.

आपल्याकडे पाणी कुठे आहे? पैनगंगेच्या बॅरेजमध्ये, अडाणच्या डोहात, एकबुर्जीसारख्या धरणात. पण उन्हाळ्यात पोरांच्या सगळ्यात जवळ असतं ते विहिरीत आणि शेततळ्यात. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि राज्यभर तळी झाली. शेतकऱ्यासाठी ती चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्लास्टिक अंथरलेलं तळं आणि गावचा नाला यात मोठा फरक आहे, आणि तो पोरांना कुणी सांगत नाही.

नाल्याला काठ असतो, पाय टेकतो, हाताला झुडूप लागतं. अस्तर लावलेल्या तळ्याच्या चारही बाजू उतरत्या असतात. पाण्याखालच्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, पाय ठेवला की घसरतो. ज्याला उत्तम पोहता येतं तोही बाहेर निघू शकत नाही, कारण पकडायला काहीच नसतं. चढायचा प्रयत्न करतो, घसरतो, पुन्हा चढतो, दम संपतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. म्हणून शेततळ्याच्या बातमीत अनेकदा एक नाही, दोन नावं असतात. सख्खे भाऊ, नाहीतर मामेभाऊ-आतेभाऊ.

उपाय महाग नाही. जाड दोराला हातभर अंतरावर गाठी मारायच्या, वरचं टोक खुंटाला बांधायचं, खालचं पाण्यात सोडायचं. चारही बाजूंना एकेक. जुन्या टायरांची शिडी केली तरी चालते. हवा भरलेली एक ट्यूब काठावर कायम ठेवायची. आणि कुंपण, ज्यातून लहान लेकरू आत जाऊ शकणार नाही असं.

आता कायदा. शेततळ्याला अनुदान सरकारनं दिलं म्हणून तळं सरकारचं होत नाही. तळं शेतकऱ्याचं, त्याची निगा राखायची जबाबदारीही त्याचीच. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. १ जुलै २०२४ पासून ही संहिता आली. जुन्या ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त २ वर्षांची शिक्षा होती, आता ती ५ वर्षांपर्यंत आहे.

तुम्ही म्हणाल, पोरगं न विचारता माझ्या वावरात शिरलं, त्यात माझी काय चूक? प्रश्न रास्त आहे. न विचारता आत आलेल्या मोठ्या माणसाबद्दल न्यायालय वेगळा विचार करतं, लहान मुलाबद्दल वेगळा. मुलाला जी गोष्ट ओढून घेते आणि तिच्यातला धोका त्याला कळत नाही, तिथे मालकावर जास्त काळजीची अपेक्षा असते. याचं जुनं उदाहरण १९२२ चं, ग्लासगो शहरातलं. सार्वजनिक बागेत एका झुडपाला चेरीसारखी दिसणारी विषारी फळं होती. मुलांना रोखेल असं कुंपण नाही, पाटी नाही. ७ वर्षांच्या मुलानं ती खाल्ली आणि तो गेला. महापालिका म्हणाली, फळ तोडायची परवानगीच नव्हती. न्यायालयानं ते बचाव म्हणून मानलं नाही. मुलं येतात ती बाग, मुलांना भुलवणारं फळ, आणि ते विषारी आहे हे पालिकेला माहीत. मग जबाबदारी पालिकेची.

आपल्याकडे बांधावर चंद्रज्योत असते ना, काही जण मोगली एरंड म्हणतात? तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि उलट्या-जुलाबानं दवाखान्यात भरती होतात. ग्लासगोची ती फळं आणि आपली चंद्रज्योत यात फार फरक नाही. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल तर ती काढून टाका. चर्चा कसली करायची त्यात?

मुरमाचे खड्डे वेगळे. रस्त्यासाठी, घरकुलासाठी मुरूम काढतात आणि खड्डा तसाच सोडून देतात. पावसाचं पाणी त्यात महिनोन् महिने राहतं. काठ सरळ उभे, खोली कुणालाच ठाऊक नाही. इथे 'ताबा कोणाचा' हा प्रश्न लगेच विचारायचा. जमीन कोणाची? खोदलं कोणी? परवानगी कोणी दिली? खोदणारा ठेकेदार काम संपवून निघून गेला तरी त्याची जबाबदारी त्याच्यासोबत गावाबाहेर जात नाही.

बोअर

बोअरवेलबद्दल थोडक्यात, कारण इथे नियम अगदी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०१० ला देशभरासाठी आदेश दिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यात सुधारणा केली. बोअर घेण्याआधी १५ दिवस लेखी कळवायचं. खोदणारी एजन्सी नोंदणीकृत हवी. कामाच्या जागी मालकाचं आणि एजन्सीचं नाव असलेली पाटी आणि काटेरी तारेचं कुंपण हवं. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, आणि तोंडावर वेल्डिंग केलेलं किंवा नटबोल्टनं पक्कं केलेलं लोखंडी झाकण. पाणी लागलं नाही तर बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी बुजवायचा.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मार्च २०२३ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, कोपर्डीला, एका ऊसतोड कामगाराचा ५ वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. एनडीआरएफचं पथक आलं, रात्री उशिरापर्यंत काम चाललं, मूल वाचलं नाही. आदेश येऊन तेव्हा १३ वर्षं झाली होती. आपल्या शिवारात फेल गेलेल्या बोअरवर काय ठेवलेलं असतं? दगड, पोतं, नाहीतर काटेरी फांदी. दगड म्हणजे झाकण नाही. तो चार वर्षांचं पोरगंही सरकवतं.

कुलर आणि करंट

आता विदर्भाचा खास विषय. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना कदाचित अंदाज नसेल, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कुलर म्हणजे घरातला एक सदस्यच. लोखंडी पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, बाजूला ओली फरशी आणि फरशीवर उघड्या पायांचं लेकरू. मोटरच्या वायरचं कव्हर गेलं की पत्र्यात करंट उतरतो. तो जमिनीत जायला अर्थिंग हवं. नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. अर्थिंग चांगलं असेल तरी मे महिन्यात ते कमजोर पडतं. जमीन कोरडी झाली की ती करंट नीट वाहून नेत नाही. म्हणजे कुलर सगळ्यात जास्त चालतो त्याच दिवसांत अर्थिंग सगळ्यात कच्चं असतं. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहायचं. कुलरला तीन पिनचाच प्लग. तिसरी, हिरवी वायर कापून दोन पिन लावणं म्हणजे जीव वाचवणारी वायरच कापणं. पाणी भरताना नुसता बटण बंद नाही, प्लगच काढायचा. आणि मीटरजवळ आरसीसीबी बसवून घ्या, काही जण त्याला ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरचा. करंट अंगातून जायला लागला की तो क्षणात लाईन तोडतो. दुकानातला साधा एमसीबी हे काम करत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नाही.

जबाबदारी कोणाची? सीमा म्हणजे तुमचं मीटर. मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, मीटरच्या पुढची वायरिंग घरमालकाची. स्वतःच्या घरात स्वतःच्या कुलरनं अपघात झाला तर दुसऱ्यावर बोट दाखवता येत नाही. भाड्याची खोली असेल तर अर्थिंग आहे की नाही हे बघणं घरमालकाचं काम. वाशिमला, अकोल्याला शिकायला खोली करून राहणाऱ्या पोरांनी भाडं ठरवतानाच हे विचारा, आणि व्हॉट्सॲपवर विचारा, म्हणजे लेखी राहतं. कुलर विकत घेतला असेल आणि दोष बनावटीतच असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली बनवणाऱ्याकडे आणि काही वेळा विकणाऱ्याकडेही भरपाई मागता येते. पण त्याला बिल लागतं. बाजारातून बिनबिलाचा कुलर दोनशे रुपये स्वस्त आणताना आपण हा हक्क विकून येतो.

मीटरच्या अलीकडचं बघू. गावातली डीपी आठवा. झाकण नाही, फ्यूज उघडे आणि उंची पोराच्या छातीएवढी. तुटून पडलेली तार, वाकलेला खांब. इथे कायदा महावितरणच्या बाबतीत फार कडक आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात निकाल दिला. कामावरून सायकलनं घरी जाणारा माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेनं गेला होता. मंडळाचं म्हणणं, कुणीतरी वीज चोरायला तार टाकली होती, आमची चूक नाही. न्यायालय म्हणालं, इतकी धोकादायक गोष्ट चालवता तर तिच्यामुळे झालेल्या नुकसानीला तुम्ही जबाबदार, चूक सिद्ध व्हायची गरज नाही. याला कठोर दायित्व म्हणतात. म्हणजे 'चोरट्यानं केलं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

आणि वावरातला करंट. रोही आणि रानडुकरांचा त्रास आपल्याकडे किती आहे हे मला सांगायला नको. पण झटका मशीन वेगळी आणि कुंपणात थेट लाईन सोडणं वेगळं. मशीन क्षणभराचा झटका देते, जनावर पळतं. थेट लाईन माणूस मारते. तिथे पोलीस निष्काळजीपणाचं कलम सोडून थेट सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही लावू शकतात.

गाडी

सुट्टीतली तिसरी गोष्ट, गाडी. मे महिना, लग्नसराई आणि नववीतलं पोरगं बाबांची बाईक घेऊन आहेराचं सामान आणायला. घरच्यांना कौतुक, 'आमचा बंटी आता सगळं चालवते!'

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मला माहीतच नव्हतं, किंवा मी पूर्ण काळजी घेतली होती, हे पालकानं सिद्ध करायचं असतं. किल्ली फ्रीजवर लटकत असेल तर ते कसं सिद्ध करणार?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. १७ वर्षांचा मुलगा पोर्शे चालवत होता, दोन तरुण इंजिनीअर गेले. आपल्याला त्यातला ३०० शब्दांचा निबंध लक्षात राहिला, त्यावर मीम झाले. पण त्याच प्रकरणात मुलाच्या वडिलांवरही गुन्हा दाखल झाला, हे आपल्या घरात सांगण्यासारखं आहे. आणि त्यात पैशाचा भाग आहे. विनालायसन्स मुलानं कुणाला उडवलं तर बऱ्याच प्रकरणांत विमा कंपनी आधी समोरच्याला भरपाई देते आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करते. पोर्शेवाल्याचं ठीक आहे. आपल्याकडे दोन-तीन एकरवाल्याचं वावर जातं.

शिबिर, सहल आणि 'आम्ही जबाबदार नाही'

आता सुट्टीत पोहण्याचे क्लास, संस्कार शिबिरं, सहली सुरू होतात. फॉर्मवर तळाशी बारीक अक्षरात ओळ असते, 'अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' पालक सही करतात. ती ओळ छापली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

२८ मे १९९५ ला पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली होती. १४ मुलं बुडाली. सोबत शिक्षक होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१ मध्ये निकाल लागला. मुलं शिक्षकांच्या ताब्यात होती, शिक्षक शाळेचे होते, म्हणून जबाबदारी शाळेचीही. प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना ५ लाख रुपयांची भरपाई कायम झाली. मूल घरून निघून शिबिराच्या गाडीत बसलं की ताबा बदलतो, हे आयोजकांनीही समजून घ्यायला हवं. पालकांनी दोनच प्रश्न विचारायचे. पाण्याजवळ किती मुलांमागे एक मोठा माणूस असणार? आणि त्याला पोहता येतं का?

आईवडिलांचं काय?

हा प्रश्न मुद्दाम वेगळा घेतोय, कारण अशा बातमीखाली पहिली कमेंट हीच असते, 'आईबाप काय झोपले होते का?'

बालन्याय कायद्याचं कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यात 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. सकाळी सहाला भुईमूग उपटायला गेलेली माय आणि घरी आठ वर्षांच्या बहिणीकडे सोपवलेलं तीन वर्षांचं लेकरू, हे जाणूनबुजून नाही. ती मजुरीला नाही गेली तर संध्याकाळी चूल पेटत नाही. अंगणवाडीची वेळ संपल्यावर गावात लेकरं कुठे ठेवायची याची सोय नाही, तो प्रश्न एकट्या मायचा कसा? आणि त्या आठ वर्षांच्या बहिणीलाही कुणी दोष देऊ नका. ७ वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य कायदा गुन्हा मानत नाही, आणि ७ ते १२ वयात मुलाला समज किती होती ते बघतो. ज्या पोरीच्या डोळ्यांसमोर भाऊ गेला तिला आयुष्यभर 'तुझ्यामुळे गेला' ऐकवणारे आपणच असतो.

झाल्यावर काय करायचं

हा भाग नीट ऐका, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

पहिली काही मिनिटं. कुणी बुडत असेल तर स्वतः उडी मारू नका. दोर, साडी, रिकामी कॅन, ट्यूब, जे हाताशी असेल ते फेका. बाहेर काढल्यावर मुलाला उलटं टांगून फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबायला सुरू करा. ३० वेळा दाबायचं, २ श्वास, पुन्हा तेच. सोबतच्याला १०८ लावायला सांगा. शॉक लागला असेल तर मुलाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. लाईनची तार पडली असेल तर जवळ जाऊ नका, १९१२ वर महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्या. आणि मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्या.

आता ते बोलणं, जे कुणालाच नको असतं. जीव गेलाच तर बऱ्याच गावांत काय होतं? 'गेला तो गेला, आता लेकराची चिरफाड कशाला', म्हणून पोलिसांना न कळवता अंत्यविधी होतो. त्यातून तळं चुलत्याचं, डीपी गावची, कुणाशी वाईटपण कशाला? मला ती भावना कळते. पण एक गैरसमज दूर करा. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद म्हणजे कुणावर केस नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलीस फक्त मृत्यू कसा झाला हे तपासतात. ती नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम नसेल तर पुढचे जवळपास सगळे दरवाजे बंद होतात.

कुठले दरवाजे? दोन सांगतो.

एक, राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. २०२२ च्या सुधारणेनंतर अपघाती मृत्यूला दीड लाख रुपये. यात पोहताना झालेला मृत्यू आणि सर्पदंशही आहे. कायमचं अपंगत्व आलं तर ७५ हजार ते १ लाख, आणि जखमी मुलाच्या दवाखान्याचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. शाळेला सुट्टी आहे म्हणून गप्प बसू नका, मुख्याध्यापकांना फोन करा.

दोन, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती, वय १० ते ७५. मृत्यू झाल्यास २ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत प्रस्ताव. दोन्ही योजनांचे पैसे मिळतील असं धरू नका, कोणती लागू होते ते कार्यालयात विचारून घ्या.

विजेचा अपघात असेल तर महावितरणसोबत विद्युत निरीक्षकालाही कळवा, चौकशी त्यांनी करायची असते. आणि दिवाणी भरपाई मागायची असेल तर १८५५ चा घातक अपघात कायदा अजून लागू आहे, मुदत मृत्यूपासून २ वर्षं.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं, वाशिमलाही आहे. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

पैशानं लेकरू परत येत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या घरात आधीच पीककर्ज आहे तिथे दवाखान्याचं बिल आणि तेरवीचा खर्च अजून एका सावकाराकडे नेतो. तो थांबला तरी खूप आहे.

मोबाईल बाहेर काढा

शेवटचं, हे तुमच्यासाठी. हा एपिसोड तुम्ही मोबाईलवर ऐकताय, तर त्याच मोबाईलनं एक काम करा. सकाळी ऊन चढायच्या आधी गावातून एक चक्कर मारा. उघडी डीपी, कठडा नसलेली विहीर, बिनकुंपणाचं तळं, दगड ठेवलेला बोअर, मुरमाचा खड्डा. लोकेशन आणि तारखेसकट फोटो काढा. एका कागदावर अर्ज लिहा, ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. शिक्का आणि सही असलेली पोच. डीपीचा अर्ज महावितरणला, आणि 'आपले सरकार' पोर्टलवरही टाका.

पोच कशासाठी? सुरुवातीचे तीन प्रश्न आठवा. ताबा कोणाचा, माहीत होतं का, केलं काय. अपघात झाल्यावर प्रत्येक जण म्हणतो, 'आम्हाला कल्पना नव्हती.' तुमची पोच असली की हे वाक्य कुणाला म्हणता येत नाही. आणि म्हणता येणार नाही हे कळलं की झाकण लवकर बसतं, हा साधा हिशोब आहे.

तळं काकांचं असेल तर त्यांना अर्ज देऊ नका. शनिवारी दोन मित्र घ्या, दोर घ्या, गाठी मारा आणि बांधून या. चहा ते पाजतीलच.

आणि पोरांना पोहण्यापासून अडवू नका, शिकवा. पाठीला डबा बांधून, काठावर मोठं माणूस उभं ठेवून, पायऱ्या असलेल्या विहिरीत. आपल्या आजोबांच्या पिढीतली पोरं अशीच शिकली.

तुमच्या गावात काय दिसलं आणि अर्जाचं काय झालं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर अर्थिंगला पाणी टाका!